जुन्या जिप्सीचा एका अंगाचा कल: कमान मारूनही गाडी पुन्हा का बसते

जुनी जिप्सी किंवा जीप एका अंगाला बसली की आपल्याकडं इलाज ठरलेला असतो. पाटे, म्हणजे गाडीचं वजन तोलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, सोडायचे, त्यांना कमान मारून म्हणजे पुन्हा बाक देऊन आणायचं आणि परत चढवायचे. गाडी महिना-दोन महिने सरळ उभी राहते. मग एक दिवस मागून मोटारसायकलवर येणारा कोणीतरी थांबवून सांगतो, "भाऊ, गाडी उजवीकडं दबून राहिली ना!" की पुन्हा पाटे सोडा. घण बसून बसून पोट खडबडीत झालेले, तरी गाडी सरळ न करणारे पाटे मी बरेच पाहिले आहेत. हा फेरा ज्यांच्या मागं लागला आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

कल परत परत येत असेल तर पाट्याला हात लावायच्या आधी मापाचा टेप हातात घ्यावा, एवढंच माझं म्हणणं आहे. पाटा बसलेला असतो हे पुष्कळदा खरं असतं. पण तो एकाच बाजूचा का बसला हे कोणी विचारत नाही, आणि कितीतरी गाड्यांत पाटा ठीक असून गाडी दुसऱ्याच कारणानं झुकलेली असते. तिथं कमान मारणं म्हणजे पैसे देऊन दोन महिने विकत घेणं.

बोलतो आहे ते मुख्यतः चारही बाजूंना पाटे असलेल्या गाड्यांबद्दल. मारुती जिप्सी १९८५ साली आली तेव्हापासून शेवटपर्यंत पाट्यांवरच राहिली. महिंद्राची एमएम ५४०, मेजर, कमांडर याही पाट्यांच्याच. २०१० ते २०२० मधली सीआरडीई इंजिनाची थार पुढून टॉर्शन बारची (पिळणाऱ्या दांड्याची) आणि मागून पाट्यांची आहे, तिचं शेवटी वेगळं सांगतो.

उजवीकडंच का

आपल्या भागातल्या बहुतेक गाड्या उजवीकडं कलतात आणि त्यात काही गूढ नाही. स्टिअरिंग उजवीकडं, चालवणारा सत्तर-ऐंशी किलोचा, आणि वावरात जायचं तर बहुधा एकटाच. वर्षानुवर्षं उजवे पाटे तेवढं वजन जास्त वाहतात. गाडी बनवणाऱ्यांनाही हे ठाऊक होतं. लँड रोव्हरच्या जुन्या सिरीज गाड्यांना चालकाच्या बाजूचे पाटे वेगळे असत, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला पुढच्या डाव्या पाट्याला जादा जोर दिलेला असे; तिचा चालक डावीकडं बसायचा. म्हणून जुने पाटे बदलताना डावा-उजवा एकच आहे असं गृहीत धरू नका, पार्ट नंबर बघून घ्या.

ताडोब्यात चाललेल्या जिप्सीची गोष्ट जरा निराळी. पुढं उजवीकडं ड्रायव्हर, डावीकडं गाइड, मागं सहा पर्यटक. वजन तसं बरोबर वाटलेलं. पण वाघ दिसला की सहाच्या सहा जण एका अंगाला उभे राहतात, आणि वाघ काही गाडीच्या पाट्यांचा विचार करून बाजू बदलत नाही. सफारीतून निघालेली जिप्सी शेतीसाठी घेणार असाल तर मागच्या सीटांसाठी वेल्डिंग केलेला सांगाडा किती जड आहे आणि तो चेसिसला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी चौकटीला, नेमका कुठं धरला आहे, हे आधी वाकून बघा.

आधी मोजा

मोजणीसाठी सपाट जागा लागते आणि खेड्यात तीच मिळत नाही. ग्रामपंचायतीपुढचं काँक्रीट सपाट दिसतं, पण पाणी वाहून जावं म्हणून त्याला उतार दिलेला असतो. गवंड्याकडची पारदर्शक पाण्याची नळी मागून आणा. चारही चाकं जिथं टेकणार त्या चार जागी नळी धरून पाण्याची पातळी बघा. फरक असेल तर खालच्या चाकाखाली पत्रा किंवा फळी घालून जागा जुळवा. अर्ध्या तासाचं काम आहे. ते टाळलं तर पुढची सगळी मापं खोटी.

चारही टायर एकाच मापाचे, सारख्या झिजलेले, सारख्या हवेचे हवेत. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला गोटा झालेला टायर असेल तर कल तिथंच आहे. गाडी रिकामी करा. मागं फवारणीचा पंप, युरियाचं अर्धं पोतं, जॅक, पाना-पेटी असं जे काही वर्षभर एकाच कोपऱ्यात पडून असतं ते सगळं काढा. स्टेपनी आणि बॅटरी जागेवर राहू द्या, त्या मूळ वजनातच धरलेल्या असतात. मग गाडी दहा-पंधरा फूट मागं-पुढं ढकला आणि प्रत्येक कोपरा दाबून दोन-चार हिसके द्या. जॅकवरून उतरवल्या उतरवल्या माप घेऊ नये, पट्ट्या एकमेकींत अडकून पाटे पूर्ण बसलेले नसतात आणि गाडी उंच उभी असते.

प्रत्येक चाकाची दोन मापं घ्या. पहिलं, चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत. दुसरं, ॲक्सलच्या (दोन चाकांना जोडणाऱ्या आडव्या आसाच्या) नळीपासून वर चेसिसच्या दांडीपर्यंत. जमिनीपासून माप घेऊ नका, त्यात टायर येतो. पहिल्या मापात डाव्या-उजव्याचा फरक आहे आणि दुसऱ्यात नाही, असं निघालं तर चेसिस सरळ आहे, वरची बॉडीच कलली आहे. बॉडी आणि चेसिसच्या मधली रबरं दबून किंवा कुजून गेली असतील, नाहीतर कधीतरी ठोकलेल्या गाडीचं मडगार्ड वाकडं बसवलं असेल. पाट्याचा इथं काही संबंध नाही. बॉडी रबरं स्वस्त असतात. मात्र त्यांचे बोल्ट गंजून जाम झालेले असतात, तेव्हा आदल्या रात्रीच तेल सोडून ठेवा.

अर्ध्या इंचापर्यंतचा फरक मी सोडून देतो. कारखान्यातून बाहेर पडतानाही जुन्या पाट्याच्या गाड्या मिलिमीटरला मिलिमीटर सरळ नसायच्या. इंचाच्या वर गेला, किंवा महिन्या-महिन्यानं वाढत असेल, तर मात्र शोधावं.

पुढचं की मागचं

इथंच जास्त लोक फसतात. चेसिस ताठ असतं, म्हणून मागचा एक कोपरा खाली गेला की पुढचाही त्याच बाजूला खेचला जातो. दिसायला पुढचा उजवा कोपरा बसलेला, आणि दोष असतो मागच्या उजव्यात. पुढचे पाटे कमानवाल्याकडं जाऊन येतात आणि गाडी आहे तशीच.

हे ओळखायची एक साधी रीत आहे. मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ओंडके लावा, गाडी गिअरमध्ये ठेवा. पुढच्या आडव्या मेंबरच्या बरोबर मध्ये जॅक लावून पुढची चाकं जमिनीपासून जेमतेम सुटतील एवढंच उचला. चेसिसच्या दोन्ही दांड्यांखाली घोड्या (लोखंडी टेकू) ठेवा, पण टेकवू नका, बोटभर अंतर असू द्या. त्या गाडी निसटली तर धरायला आहेत. गाडीत कोणी बसू नये, खाली कोणी शिरू नये, पोरासोरांना लांब ठेवा. आता गाडीचा पुढचा भाग एकाच बिंदूवर आहे, म्हणजे पुढच्या पाट्यांना कोणत्याही बाजूला ढकलता येत नाही. या स्थितीत बाहेरूनच हात घालून मागच्या ॲक्सलपासून चेसिसपर्यंतची दोन्ही मापं घ्या. फरक तसाच राहिला तर दोष मागं. फरक गेला तर दोष पुढं. मग गाडी उतरवून तेच मागून करा, म्हणजे खात्री होते.

चिमूर तालुक्यातल्या एका गावातून आलेली जिप्सी यात फार छान शिकवून गेली. सफारीतून निघालेली, एका तरुण कास्तकारानं घेतलेली. पुढून उजवीकडं बारा मिलिमीटर कमी, मागून उजवीकडं अठ्ठावीस. पुढून उचलल्यावर मागचा फरक सव्वीसवर राहिला, म्हणजे दोष मागचाच. मालकाचं म्हणणं, उजव्या पाट्यालाच नीट कमान बसत नाही. आम्ही मागचे दोन्ही पाटे सोडून डावा उजवीकडं आणि उजवा डावीकडं चढवला. पुढचं टोक पुढंच ठेवायचं असतं, कारण काही पाट्यांचा सेंटर बोल्ट, म्हणजे सगळ्या पट्ट्या एकत्र धरणारा बोल्ट, बरोबर मधोमध नसतो. पाटा बसलेला असता तर कल डावीकडं गेला असता. गेला नाही, उलट उजवीकडं आणखी वाढला.

"काका, पाटे बदलले तं कल डावीकडं जायला पायजे होता ना?"

"जायला पाहिजे होता."

"मंग काहून नाही गेला?"

कारण पाटे चांगले होते. कमानवाल्यानं उजवीकडचा कल काढायला उजव्या पाट्याला मुद्दाम जास्त कमान दिली होती. तो पाटा डावीकडं गेल्यावर डावी बाजू वर उचलली गेली. दोष होता पाटा जिथं चेसिसला टांगतो त्या ब्रॅकेटमध्ये, आणि जोडीला बुशमध्ये, म्हणजे पाट्याच्या टोकातल्या रबरात.

पाटा जिथं टांगला आहे तिथं बघा

त्या जिप्सीच्या मागच्या उजव्या पाट्याचं पुढचं टोक ज्या ब्रॅकेटला असतं, तिथं वरून काळी माती लिंपल्यासारखी बसली होती. आपली काळी माती हा या गाड्यांचा मोठा शत्रू आहे. ती फुगते, चिकटते, आणि वाळल्यावरही आतल्या अंगाला ओल धरून ठेवते. चेसिसच्या पेटीत एकदा शिरली की गंज आतून सुरू होतो, बाहेरून रंग शाबूत दिसतो. माती खरवडली, तारेच्या ब्रशनं घासलं, तरी काही दिसेना. मग खडूची रीत केली. घासलेल्या जागेवर पातळ तेल लावायचं, पाच-दहा मिनिटं मुरू द्यायचं, फडक्यानं अगदी कोरडं पुसायचं आणि वर खडू फासायचा. पूर्वी याला रॉकेल वापरत, आता डिझेलवर भागतं. पांढऱ्या खडूवर थोड्या वेळानं केसासारखी काळी रेघ उमटत गेली, वेल्डिंगच्या कडेनं बोटभर लांब, पुढं वळून चेसिसच्या पत्र्यात शिरलेली. वजन आलं की ब्रॅकेट वर वाकायचं आणि गाडी त्या कोपऱ्यात खाली बसायची. जॅकवर घेतली की रेघ मिटून जायची, म्हणून गॅरेजमध्ये कुणाच्या नजरेला पडली नव्हती.

अशा तड्यावर नुसती वेल्डिंगची ओळ ओढून काही होत नाही, ती शेजारून पुन्हा फाटते. तडा जिथं संपतो तिथं बारीक भोक पाडायचं म्हणजे तो पुढं धावत नाही. मग तडा खरवडून भरायचा आणि वरून दोन्ही बाजूंना पुरेशी पसरलेली जाड पट्टी बसवायची. वेल्डिंगआधी बॅटरीचं कनेक्शन काढा, आणि पेट्रोलची टाकी व पाइप जवळ असेल तर ते आधी उतरवा. पत्रा आतून इतका खाल्लेला असेल की टोच्याचं टोक आरपार जातं, तर तो तुकडा कापून नवा घालण्याला पर्याय नाही.

शॅकलही, म्हणजे पाट्याचं एक टोक चेसिसला जोडणारी झुलती कडीही, बघून घ्या. पाटा दबला की लांब होतो आणि त्याला जागा देण्यासाठी शॅकल झुलतो. तो जाम झाला तर तो कोपरा ताठ होऊन वर राहतो आणि पलीकडचा खाली गेल्यासारखा दिसतो. कधी मोठ्या खड्ड्यात चाक पूर्ण लोंबकळलं की शॅकल उलटा फिरून तसाच अडकतो. दोन्ही बाजूंचे शॅकल सारख्याच कोनात उभे आहेत का, हे मागून वाकून बघितलं तरी कळतं. जुन्या विलीज पद्धतीच्या जीपांना यू आकाराचे शॅकल आणि आट्यांचे बुश येतात. त्यातले काही आटे उलटे असतात, म्हणून फिरत नाही असं वाटलं की लांब पान्यानं जोर लावण्याआधी कोणत्या दिशेचे आहेत ते पाहा. त्यांना ग्रीस मात्र वेळच्या वेळी लागतं.

बुश, आणि दोन महिन्यांचं कोडं

आता कमान मारल्यावर गाडी दोन महिने का सरळ राहते, याकडं येतो. बुश कसं काम करतं ते कळलं की हे आपोआप सुटतं.

पाट्याच्या डोळ्यात, म्हणजे टोकाला गोल वळवलेल्या भोकात, रबराचं बुश असतं आणि त्याच्या आत लोखंडी नळी. बोल्ट आवळला की ती नळी ब्रॅकेटमध्ये पक्की चिमटली जाते, फिरत नाही. रबराची बाहेरची बाजू पाट्याच्या डोळ्यात घट्ट. पाटा वर-खाली होतो तेव्हा मधलं रबर पिळलं जातं आणि परत येतं. ते जितकं कमी पिळलं जाईल तितकं जास्त टिकतं. म्हणून बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडी चाकांवर, आपल्या नेहमीच्या उंचीवर उभी असताना.

घाईत काय होतं? गाडी घोड्यांवर, चाक लोंबकळतं आहे, पाटा चढवला आणि तिथंच सगळे बोल्ट पाइप लावून करकचून आवळले. रबराला आता लोंबकळणं हीच मूळ जागा वाटते. गाडी खाली उतरवली की ते पिळलेल्या धोतरासारखं होतं आणि सुटायला बघतं, म्हणजे गाडीला वर ढकलतं. त्या बाजूला गाडी उंच दिसते. मालक खूश, कमानवाला खूश. पण कायम पिळलेलं रबर काही आठवड्यांत फाटतं, आमच्याकडच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात कडक झालेलं असेल तर आणखी लवकर, आणि गाडी खाली येते. सगळ्यांना वाटतं कमान बसली. खरं तर कमान होती तशीच आहे, बुशची उसनी उंची संपली.

त्या चिमूरच्या गाडीत मागच्या उजव्या बुशचं रबर बोटानं ओढलं तर नळीपासून सुटून हातात येत होतं, डावीकडचं अजून धरून होतं. नवी बुशं घातली, बोल्ट नुसते हातानं लावले, गाडी खाली उतरवली, ढकलून, हिसके देऊन बसू दिली आणि मग आवळले. खाली हात पोहोचत नसेल तर दोन्ही ॲक्सलखाली घोड्या लावून करा, चेसिसखाली नको. वजन पाट्यांवर आलं पाहिजे, एवढाच मुद्दा.

रबराचं बुश बसवताना ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नका, रबर फुगून सडतं. साबणाचं पाणी पुरतं. पॉलियुरेथेनची बुशं मिळतात ती कडक असतात आणि फार टिकतात, पण सिलिकॉन ग्रीस न लावता बसवली तर खेकसतात. रोज पांदणीनं जाणाऱ्या गाडीला मला तरी रबरच बरं वाटतं.

पाटा खरोखरच बसला असेल तर

दोन्ही पाटे सोडून जमिनीवर शेजारी-शेजारी पालथे ठेवा. एका डोळ्यापासून दुसऱ्या डोळ्यापर्यंत सुतळी ताणून मधली उंची मोजा. दोघांत बोटभर फरक निघाला तर पाटा दोषी, हे नक्की. सेंटर बोल्ट सोडून पट्ट्या वेगळ्या करा. मोडलेली पट्टी बहुधा मधल्या भोकापाशी मोडलेली असते आणि पाटा ॲक्सलला आवळणाऱ्या यू-बोल्टच्या पट्टीखाली झाकली जाते, बाहेरून दिसत नाही. दुसरी आवडती जागा म्हणजे मेन पाट्याचा डोळा जिथं वळायला सुरुवात होते ती. पट्ट्यांच्या मधला गंज घासून काढा आणि ग्रॅफाइटचं ग्रीस लावा. जळालेलं ऑइल ओतायची आपल्याकडं सवय आहे. त्यावर धूळ बसून सहाणेसारखा लेप तयार होतो आणि पट्ट्या आपापसात घासून पातळ होतात.

कमान मारायची तर थंड लोखंडावर घण घालणाऱ्याकडं जाऊ नका. पाट्याचं पोलाद बहुधा सिलिकॉन मिसळलेलं असतं. ते जवळपास ९०० अंशांपर्यंत तापवून, आकार देऊन, तेलात विझवून, मग पुन्हा ४०० ते ५०० अंशांच्या दरम्यान तापवून टेंपर द्यावं लागतं. थंड मारलेली कमान वजन आलं की थोड्या दिवसांत परत जाते. गॅसच्या टॉर्चनं एकाच जागी लाल करून वाकवलेला पाटा तर त्याच जागी मोडतो. दुकानात गेल्यावर दोन गोष्टी बघा: प्रत्येक पट्टी सुटी करतात का, आणि भट्टीशेजारी तेलाची टाकी आहे का. नागपूरला वाडीकडं ट्रकांची कामं चालतात तिकडं चौकशी करावी. खर्च नव्या पाट्याच्या अर्ध्याच्या वर जात असेल तर मी नवेच घेतो. कारखान्यात नवा पाटा प्रेसखाली पूर्ण दाबून त्याचं सुरुवातीचं बसणं आधीच उरकून घेतात, ते आपल्याला भट्टीवर जमत नाही.

आणि जोडीनं घ्या. एका बाजूला नवा पाटा घातला की कल दुसरीकडं जातो, एवढंच.

बसलेल्या बाजूला एक पट्टी वाढवा, असाही सल्ला मिळतो. मला तो पटत नाही. पट्टी वाढवली की त्या बाजूचा ताठरपणा वाढतो. रिकामी गाडी सरळ दिसते, पण मागं कापसाची बोंदरी भरली की कमी पट्ट्यांची बाजू जास्त दबते आणि कल उलटा. खड्ड्यांतही गाडी दोन बाजूंनी दोन तऱ्हांनी वागते. वजनानं येणारा थोडाफार कल काढायचाच असेल तर ताठरपणा न बदलता उंची बदलणारा ठोकळा बरा. पण आधी खाली वाकून पाटा ॲक्सलच्या वर आहे की खाली ते बघा. पाटा वर असेल तर मधला ठोकळा गाडी उचलतो. जिप्सीसारखा पाटा ॲक्सलच्या खाली असेल तर तोच ठोकळा गाडीला आणखी खाली बसवतो.

ठोकळा घातला किंवा पाटा चढवला, की सेंटर बोल्टचं डोकं ॲक्सलवरच्या भोकात बरोबर बसलं आहे ना, हे बोटानं चाचपून घ्या. तो बोल्ट तुटला की ॲक्सल त्या बाजूला मागं सरकतो. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर डावीकडं आणि उजवीकडं वेगळं भरतं आणि गाडी रस्त्यावर तिरपी पळते. जिप्सीचं हे अंतर २३७५ मिलिमीटर आहे. दोन्हीकडं तेच यायला हवं.

शॉकअप बदलून कल जात नाही. साधा तेलाचा शॉकअप गाडीचं वजन पेलतच नाही, तो फक्त गाडीची उसळी थांबवतो. गॅसचा असेल तर थोडासा उचलतो, पण दोन्हीकडून सारखाच. एक जाम झाला असेल तेवढाच काय तो अपवाद. खालचा बोल्ट सोडून हातानं दाबून बघितलं की कळतं.

काहीच सापडत नसेल तर काट्यावर जा

सगळं ठीक आहे आणि तरी गाडी कलते, तर वजनच एका बाजूला जास्त असेल. कापसाच्या मोसमात आपल्याकडं गावोगावी वजनकाटे चालू असतात. हिंगणघाट, वणी, अकोट, जिथं जिनिंग आहे तिथं काटा आहे. ज्याचा प्लॅटफॉर्म जमिनीच्या पातळीत आहे आणि कडेला कठडा नाही असा काटा शोधा. उंचावर रॅम्पनं चढायचा काटा इथं चालत नाही, कारण गाडी तिरपी उभी राहते. गर्दी नसेल तेव्हा जा. फक्त डावी चाकं काट्यावर, उजवी बाहेर, असं एकदा. मग उलट. मोठा काटा पाच किंवा दहा किलोच्या टप्प्यानं दाखवतो, तेवढं पुरतं. मग तेच चालकाला बसवून करा. दोन्ही बाजूंतला फरक दीडशे किलोच्या घरात गेला तर पाट्यांना दोष देऊ नका. कुणीतरी लावलेलं जाड बंपर, विंच, एका बाजूची पेटी, पाण्याची टाकी, यातलं काहीतरी आहे. जड वस्तू डावीकडं हलवणं हा सगळ्यात स्वस्त इलाज.

टॉर्शन बारची थार

थारच्या पुढच्या बाजूला पाटा नाही, पिळला जाणारा लांब लोखंडी दांडा आहे. त्याच्या मागच्या टोकाशी उंची जुळवायचा बोल्ट असतो. तो फिरवला की गाडी वर-खाली होते, म्हणून गॅरेजवाल्याचा हात आधी तिकडंच जातो. पण आधी वर सांगितलेली जॅकची परीक्षा करा. मागचा पाटा बसलेला असताना पुढचा बोल्ट आवळला तर गाडी उभी सरळ दिसते, पण तिरक्या रेषेतल्या दोन कोपऱ्यांवर जास्त वजन येतं आणि ब्रेक मारला की ती एकीकडं ओढते. दोष पुढंच निघाला तर चाकावरचं वजन उचलून बोल्ट फिरवा, किती फेरे दिले ते खडूनं लिहून ठेवा, बंप स्टॉपच्या रबराशी जागा उरली आहे ना ते पाहा आणि नंतर अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर टायर आतून खाल्ले जातात. दांडे उतरवले तर डावा-उजवा अदलाबदल करू नका. बनवतानाच त्यांना एका दिशेनं पीळ दिलेला असतो, उलट्या बाजूला लावले की बसतात किंवा मोडतात.

काम झाल्यावर

यू-बोल्ट एकदा काढले की नवेच लावा, जुने ताणलेले असतात. आवळताना समोरासमोरचे नट थोडे-थोडे, आळीपाळीनं, गाडी चाकांवर असताना. मग गाडी वापरा, एखादी खेप माल भरूनही करा, आणि दोन-तीनशे किलोमीटर झाले की पुन्हा आवळा. पट्ट्या एकमेकींवर बसल्या की नट ढिले पडतातच.

त्याच सपाट जागी तीच आठ मापं पुन्हा घ्या आणि बॉनेटच्या आत ऑइल पेंटनं तारखेसह लिहून ठेवा. पावसाळ्यात पांदणीनं जात असाल तर आठवड्यातून एकदा पाट्यांच्या टोकांपाशी आणि ब्रॅकेटांवर मोटरच्या पाइपानं पाणी मारून काळी माती काढा. वाळू द्यायची नाही, वाळली की छिन्नी लागते. चेसिसच्या पेटीला खालून जी भोकं असतात ती पाणी निघायलाच ठेवलेली आहेत. तारेनं मोकळी करून ठेवा.